रोजा आणि निय्यत

‘त्याची नियत साफ आहे’ असे आपण मराठीत सहज म्हणतो. हा ‘नियत’ शब्द मूळ अरबी ‘निय्यत’. तो फारसीमार्गे मराठीत रुळला. इस्लामी धर्मशास्त्रात त्याला नेमका अर्थ आहे : ईश्वरासाठी विशिष्ट उपासना करण्याचा मनातील निश्चय.

रोजा म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न, पाणी व शरीरसंबंध यांचा त्याग. परंतु केवळ उपाशी राहिल्याने रोजा घडत नाही. वैद्याच्या सल्ल्याने लंघन करणारा आणि रोजेदार यांची भूक सारखीच असते. त्यांना वेगळे करते ती निय्यत. कृतीचे मोल हेतूवरून ठरते, या आशयाच्या हदीसनेच ‘सहीह बुखारी’ या संग्रहाचा आरंभ होतो.

हा निश्चय केव्हा व्हावा, याविषयी मात्र धर्मशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. नाशिक जिल्ह्यातच त्याचे उदाहरण मिळते. मालेगावचा विणकर मोमीन समाज बहुतांशी हनफी परंपरेचा, तर जुन्या नाशकातील कोकणी मुसलमान शाफिई परंपरेचे. समजा, या दोन परंपरांतील दोघे जण रमजानमध्ये रात्री रोज्याचा विचारही न करता झोपले. जाग आली तेव्हा सहरीची वेळ टळली होती. पहाटेपासून दोघांनीही काही खाल्ले-प्यायले नाही. हनफी मतानुसार पहाट व सूर्यास्त यांचा मध्य होण्यापूर्वी निश्चय केला, तर त्या दिवसाचा रोजा ग्राह्य ठरतो. कारण तो दिवस रमजानच्या रोज्यासाठीच नेमलेला असतो. शाफिई मतानुसार प्रत्येक दिवसाचा रोजा ही स्वतंत्र उपासना आहे आणि तिचा निश्चय पहाटेपूर्वीच व्हायला हवा. म्हणून दुसऱ्याला दिवसभर खाणेपिणे वर्ज्य करूनही पुढे ‘कजा’, म्हणजे भरपाईचा, रोजा ठेवावा लागतो. मालिकी मतात मात्र संपूर्ण महिन्यासाठी आरंभी केलेला एकच निश्चय पुरतो.

निय्यत शब्दांत उच्चारलीच पाहिजे असे नाही. तिचे स्थान मन हे आहे. म्हणूनच रोजा असल्याचे विसरून कोणी पाणी प्यायले, तर हनफी व शाफिई या दोन्ही मतांनुसार त्याचा रोजा मोडत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दिवसभर उपाशी राहिलेल्याचा रोजा गणला जात नाही आणि विसरून पाणी प्यायलेल्याचा गणला जातो. या विसंगत वाटणाऱ्या दोन निर्णयांमागे तत्त्व एकच आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : व्रतारंभीचा संकल्प आणि रोज्याची निय्यत यांतील साम्य व भेद स्पष्ट करा.