मैदानावरील वर्ग

अमेरिकेंत ऑक्टोबर सरत आला कीं विद्यालयीन फुटबॉलचे ठरलेले सामने संपतात आणि नोव्हेंबरच्या बाद सामन्यांचे वेध लागतात. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. ह्यांत चेंडू लांबट असतो व तो हातीं घेऊन धांवावयाचें असतें.

ओहायो संस्थानांतील मॅसिलॉन शहरीं ह्या खेळाचें वेड एवढें, कीं नवजात मुलाच्या पाळण्यांत लहानसा चेंडू ठेवण्याची चाल तेथें पडली. तेथील विद्यालयांत १९३२ ते १९४० पर्यंत पॉल ब्राऊन हे क्रीडाशिक्षक होते. ते त्याच शाळेचे माजी विद्यार्थी. डावपेंचांची वही करून तिच्यावर ते मुलांची परीक्षा घेत. त्यांच्या कारकीर्दींत संघानें ८० सामने जिंकले, ८ गमावले व २ बरोबरींत सोडविले.

ओहायोंत बाद सामने १९७२ सालीं सुरू झाले. त्यापूर्वीं विजेता वृत्तपत्रांच्या कौलानें ठरे. नव्या पद्धतीचें अजिंक्यपद मिळण्यास मात्र मॅसिलॉनला २०२३ साल उजाडावें लागलें. मग मधल्या ५१ वर्षांतील मुलांचे श्रम वायां गेले काय? माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास तसें वाटत नाहीं. निकाल एका दिवसाचा. मुलगा घडतो तो त्याआधींच्या रोजच्या तालमींत.