ओटा झाकावा, पण कसा?

घरापुढचा ओटा आपल्या बडोद्यात मराठी आणि गुजराती अशा दोन्ही घरांना सारखाच प्रिय आहे. आपण ज्याला ओटा म्हणतो, त्यालाच आपले शेजारी ओटलो म्हणतात. सकाळचे वर्तमानपत्र, दुपारचे निवडणेटिपणे, सायंकाळचा अभ्यास आणि रात्रीच्या गप्पा या साऱ्यांना तो जागा देतो. परंतु पावसाळा लागला, की त्यावर पावसाचे सपकारे येतात आणि 'हा एकदाचा बंद करून टाकू' असा विचार घरोघरी सुरू होतो. आमच्या हरणीच्या घरीही तो झाला.

आम्ही ओट्याच्या तिन्ही बाजूंना सरकत्या काचा आणि वर पत्रा बसविला. पाऊस बाहेर राहिला खरा. पण श्रावणात भिंतींवर बुरशी धरली, आणि पुढच्या मे महिन्यात ओट्याची भट्टी झाली. दिवसभर तेथे बसणाऱ्या आमच्या आजोबांनी निमूटपणे आपली खुर्ची आतल्या अंधाऱ्या खोलीत नेली. येणारेजाणारे त्यांना हाक मारीनासे झाले. तेव्हा मात्र आपले काय चुकले, याचा आम्ही विचार करू लागलो.

काचेतून सूर्यप्रकाश सहज आत येतो आणि त्याने फरशी तापते. तापलेल्या फरशीतून निघणारी उष्णता मात्र काच बाहेर जाऊ देत नाही. पत्राही तापून खाली उष्णता फेकतो. बडोद्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो; त्यात ही भर! पावसाळ्यात हवाच दमट असते. वारा वाहता असला, तरच अंगावरचा घाम सुकून गारवा वाटतो. कोंडलेल्या हवेत ना घाम सुकतो, ना भिंत. म्हणजे आम्ही पावसाबरोबर वाराही बंद केला होता.

आपल्या पूर्वजांनी ही चूक केली नाही. कोकणात पावसाळ्यापूर्वी पडवीला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधीत आणि पाऊस सरला की ती सोडीत. मूळचे इंग्रज असलेले वास्तुकार लॉरी बेकर यांनी अतिवृष्टीच्या केरळात विटांच्या जाळ्यांच्या भिंती बांधल्या. अशी जाळी उन्हाची तिरीप अडविते, पण वाऱ्याला वाट देते.

मग आम्ही काचा काढल्या. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो; म्हणून दक्षिणेला व पश्चिमेला कमरेइतकी विटांची जाळी बांधून वर गुंडाळता येणारे बांबूचे चिक लावले. उत्तरेला, जिकडून पाऊस क्वचितच येतो, केवळ डासांसाठी बारीक तारेची जाळी ठेवली. पत्रा दोन फूट पुढे वाढविला. त्याच्या खाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बसविले आणि मधली गरम हवा निघून जाण्यास दोन्ही टोके मोकळी ठेवली. आत आलेले पाणी साचू नये म्हणून फरशीला बाहेरच्या बाजूस दर मीटरला एक सेंटिमीटर उतार दिला. उन्हाळ्यात पश्चिमेला वाळ्याचा ओला पडदा टांगतो. पावसाळ्यात तो उपयोगी नाही, कारण दमट हवेत पाणी फारसे सुकतच नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलीमीटर पाऊस कोसळला आणि शहरात पाणीच पाणी झाले. असे पाणी ओट्याच्या भिंतींनी अडत नाही. म्हणून ओटा झाकताना सारे अंगण सिमेंटने लिंपू नये. जमिनीला पाणी पिण्यास थोडी माती उघडी ठेवावी.

विद्यार्थी मित्रांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता एक उष्णतामापक बंद ओट्यावर आणि दुसरा जाळीच्या ओट्यावर सावलीत ठेवावा, व दोन्ही आकडे वहीत लिहावेत. आमच्या घरी असा उष्णतामापक नव्हता. आजोबांची खुर्ची पुन्हा ओट्यावर आली, यावरूनच आम्ही काय ते ओळखले.