मामाचा वारसा

‘पोरगा अगदी मामाच्या वळणावर गेलाय,’ असं कुणी कौतुकानं म्हणालं, की आमच्या आईचा चेहरा उतरायचा.

माझा मामा तासगावचा. १९५४ साली अकराव्या वर्षी दाढ काढण्याचं निमित्त झालं. रक्त थांबेना. तिसऱ्या दिवशी तो गेला. गावानं दृष्ट लागली म्हटलं. या मृत्यूची खरी नोंद कुठंच झाली नाही. पुढं साताऱ्यात दिलेल्या माझ्या बहिणीचा मुलगा रांगू लागला, तसे त्याचे गुडघे काळेनिळे पडून सुजू लागले. तपासणीत नाव कळलं : हिमोफिलिया.

रक्त गोठवणारा आठवा घटक अशा मुलांमध्ये अपुरा असतो. रक्त भळाभळा वाहत नाही. पण वाहायचं थांबत नाही. सांध्यात, कधी मेंदूतही झिरपत राहतं. दोष बहुधा आईकडून येतो आणि भोगतो मुलगा. सुमारे एकतृतीयांश घरांत तर तो नव्यानंच उद्भवतो. मग सुनेला बोल लावायचा तो कशासाठी?

स्वीडनमध्ये जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. १८३१ ते १९२० या काळात तीव्र हिमोफिलियाच्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान होतं अकरा वर्षं. माझ्या मामाचं वय! १९६१ ते ८० या काळात ते सत्तावन्नच्या घरात गेलं. मधल्या काळात, १९६४ मध्ये, ज्युडिथ पूल यांनी गोठवलेला प्लाझ्मा हळूहळू वितळवून त्यातून हा घटक वेगळा काढला होता. पुढं हजारो दात्यांच्या रक्तापासून बनलेल्या औषधातून एड्स आणि कावीळ पसरली. ऐंशीच्या दशकात मृत्यू पुन्हा वाढले. औषधावर उष्णतेची प्रक्रिया होऊ लागली, नंतर दात्याच्या रक्ताशिवाय बनणारा घटक आला, आणि ते संकट ओसरलं.

पण औषध निघणं वेगळं आणि ते हाताशी असणं वेगळं. भाच्याच्या लहानपणी प्रत्येक इंजेक्शनासाठी पुण्याची एस.टी. आणि उसनवारी. पुढं साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात सरकारी उपचार केंद्र सुरू झालं, तेव्हा बहीण प्रथमच निर्धास्त झोपली.

भाचा आता पस्तिशीचा आहे. गुडघा थोडा आखडलाय, पण नोकरी करतो. मागच्या वर्षी दाढ काढायची होती. आधी घटकाचं इंजेक्शन घेतलं, मग खुर्चीत बसला. संध्याकाळी घरी!

त्याला एक लेक आहे. ती या दोषाची वाहक असणारच. ते तिच्यापासून लपवायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. मामाच्या वेळी घरात औषध नव्हतं, तसं या रोगाला नावही नव्हतं. तिच्यापाशी दोन्ही असेल.