कान्हेरी लेण्यांची अभ्याससहल

कान्हेरी लेण्यांची अभ्याससहल म्हणजे मुंबईतील बोरिवली येथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असलेल्या बौद्ध लेणीसमूहाला जाणकार मार्गदर्शकासोबत दिलेली एकदिवसीय भेट होय. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील शाळा, महाविद्यालये आणि अभ्यासमंडळे यांच्या सहलींत हे ठिकाण पूर्वापार आढळते. सकाळी लोकलने निघून संध्याकाळी घरी परतता येते, हे त्याचे एक कारण. शंभरांहून अधिक लेणी एकाच डोंगरावर पाहायला मिळतात, हे दुसरे. या सहलीत शिल्पे आणि शिलालेख यांच्या बरोबरीने पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. सुमारे हजार वर्षे या डोंगरावर भिक्षुसंघ कसा राहू शकला, याचे उत्तर या पोढ्यांत आहे.

नाव आणि काळ

शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘कण्हसेल’, ‘कण्हगिरि’ किंवा संस्कृतात ‘कृष्णगिरि’ असे येते. त्यावरून ‘कान्हेरी’ हे आजचे नाव रूढ झाले. येथील खोदकामाला इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरुवात झाली आणि वसती दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत टिकली. सोपारा, कल्याण, ठाणे आणि चौल ही बंदरे व व्यापारी गावे जवळ असल्याने व्यापाऱ्यांचा आश्रय मिळाला. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे मांडलिक असलेले कोकणचे शिलाहार यांच्या काळातील लेख येथे आहेत.

प्रवास आणि वेळ

गिरगावातील प्रवाशाला चर्नी रोड किंवा ग्रँट रोड, परळ-लालबागच्या प्रवाशाला प्रभादेवी आणि दादरच्या प्रवाशाला दादर स्थानकावरून पश्चिम रेल्वेने बोरिवलीस जाता येते. उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार बोरिवली स्थानकाच्या पूर्वेस आहे. तेथून लेणी सुमारे सहा-सात किलोमीटर आत आहेत आणि या टप्प्यासाठी उद्यानाच्या बसची सोय असते. उद्यान आणि लेणी यांचे प्रवेशशुल्क वेगवेगळे आहे. उद्यान वनखात्याच्या, तर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत येतात. सोमवारी प्रवेश बंद असतो.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यास सुखाचा असतो. पावसाळ्यात धबधबे आणि वाहते पाट पाहायला मिळतात, परंतु पायऱ्यांवर शेवाळ धरते. पाठीवरची पिशवी, घट्ट बसणारे बूट, पिण्याचे पाणी आणि अंधाऱ्या लेण्यांसाठी विजेरी एवढी तयारी पुरते. माकडांचा वावर असल्याने खाद्यपदार्थ हातात धरून चालू नये.

पाहण्याचा क्रम

लेण्यांना पुरातत्त्व खात्याने क्रमांक दिले आहेत. सहलीची सुरुवात बहुधा पायथ्याच्या क्रमांक १ ते ३ या लेण्यांपासून होते. क्रमांक १ अपूर्ण आहे. त्यामुळे खोदकाम कोणत्या क्रमाने होत असे, हे समजण्यास त्याचा उपयोग होतो. क्रमांक ३ हे चैत्यगृह आहे. त्यात ३४ खांब असून टोकाला स्तूप आहे. यज्ञश्री सातकर्णीच्या काळात गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंनी ते खोदविले, असे तेथील लेखावरून दिसते. व्हरांड्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत. त्या नंतरच्या काळातील आहेत.

तेथून वर चढल्यावर क्रमांक ११ हे ‘दरबार’ नावाने ओळखले जाणारे प्रशस्त लेणे लागते. त्यात मध्यभागी दोन लांब, बुटके दगडी ओटे आहेत. क्रमांक ३४ च्या छतावर अपूर्ण राहिलेल्या बुद्धचित्राच्या रेषा दिसतात. क्रमांक ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. अशी मूर्ती भारतात अत्यंत दुर्मीळ आहे. क्रमांक ९० मध्ये आठ महाभयांपासून भक्तांना वाचविणारा अवलोकितेश्वर कोरला आहे. त्या संकटांत नौका बुडण्याचेही संकट आहे, आणि समुद्रमार्गे व्यापार करणाऱ्या दात्यांना ते परके नव्हते. याच लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. १००९ आणि १०२१ या वर्षी येथे येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे त्यांत नोंदवून ठेवली आहेत. ओढ्यापलीकडे क्रमांक ८७ च्या परिसरात दिवंगत भिक्षूंच्या स्मरणार्थ बांधलेल्या विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत.

पोढ्यांची रचना

मुंबई परिसरात वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने डोंगर कोरडा असतो. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे, या नियमाला वर्षावास म्हणतात. केवळ वर्षावासापुरती वसती असती, तर पाणी साठविण्याची गरज नव्हती. बारमाही विहारासाठी मात्र चार महिन्यांचे पाणी वर्षभर पुरविणे भाग होते.

त्यासाठी केलेली योजना साधी आहे. लेण्याच्या माथ्यावरील खडकात उथळ पन्हळी कोरलेल्या असतात. पावसाचे पाणी दर्शनी भागावरून न ओघळता पन्हळीतून बाजूला वळते आणि अंगणाच्या कडेला खोदलेल्या टाक्यात पडते. टाक्याचे तोंड लहान, चौकोनी असते, तर आतील पोकळी खडकाच्या पोटात रुंदावत गेलेली असते. अनेक तोंडांभोवती झाकण बसविण्यासाठी खाच आढळते. सूर्यप्रकाश आत कमी पोहोचत असल्याने बाष्पीभवन आणि शेवाळ दोन्ही मर्यादित राहतात. काही ठिकाणी वरच्या टाक्यातून ओसंडणारे पाणी खालच्या पातळीवरील टाक्याकडे नेलेले दिसते. बहुतेक विहारांना स्वतःची पोढी आहे. त्यामुळे एखादे टाके आटले, तरी संपूर्ण वसती अडचणीत येत नसे.

टाके लेण्याच्या आधी, नंतर की बरोबरीने खोदले गेले, हे प्रत्येक ठिकाणी सांगता येत नाही. मात्र पाण्याच्या तंत्राला वसतीच्या इतिहासात किती महत्त्व आहे, हे उद्यानातील आणखी एका शोधातून दिसले. सूरज पंडित यांच्या मार्गदर्शनाखालील सर्वेक्षणात कान्हेरीच्या आसपास सात साधी लेणी आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत पाण्याची टाकी नाहीत. यावरून ती टाकी खोदण्याचे तंत्र येथे येण्यापूर्वीची, केवळ पावसाळी निवाऱ्याची असावीत, असे अनुमान अभ्यासकांनी मांडले आहे.

पोढीदानाचे लेख

कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत ‘पानियपोढि’ हा शब्द वारंवार येतो. दात्याचे नाव, त्याचा व्यवसाय, गाव आणि दान दिलेली वस्तू असा या लेखांचा साचा असतो. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पोढी दान दिल्याचा लेख प्रसिद्ध आहे. व्यापारी, गृहस्थ, भिक्षू आणि भिक्षुणी यांचीही नावे दात्यांत आहेत. डोंगरावरील वाट हीसुद्धा दानाची वस्तू होती. काही लेखांत ‘अक्षयनीवी’चा उल्लेख आहे. मुद्दल कायम ठेवून त्याच्या व्याजातून ठरलेला खर्च भागवायचा, अशी ही ठेव होती.

राजा-महाराजांच्या नावांपेक्षा हे लेख विद्यार्थ्यांना अधिक जवळचे वाटतात, कारण त्यांत सामान्य कारागिरांची गावे आणि धंदे आजही ओळखता येतात. शोभना गोखले यांचा ‘कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स’ (१९९१) हा ग्रंथ या लेखांच्या अभ्यासासाठी मूलभूत मानला जातो.

ओढा, डोह आणि पोहणे

लेण्यांच्या दोन रांगांमधून एक ओढा वाहतो. पावसाळ्यात त्याच्या खडकाळ पात्रात लहानमोठे डोह भरतात. येथे पाण्यात उतरणे धोक्याचे आहे. वरच्या अंगाला झालेल्या पावसाचे पाणी थोड्या अवधीत खाली येते आणि पायाखालचा खडक निसरडा असतो. डोहाचा तळ वरून दिसत नाही. पोढ्यांचा धोका वेगळा आहे. तोंड अरुंद, पोकळी खोल आणि भिंती उभ्या असल्याने पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आधाराविना बाहेर येणे कठीण जाते. लहान मुलांना टाक्याच्या काठापासून दूर ठेवणे आणि सहलीतील विद्यार्थ्यांची प्रत्येक टप्प्यावर मोजणी करणे, ही शिक्षकांची पहिली जबाबदारी ठरते. शिवाय पोढी हा संरक्षित स्मारकाचा भाग असल्याने तिच्यात उतरणे, हातपाय धुणे किंवा कचरा टाकणे गैर आहे.

माया संस्कृतीतील स्थळांशी तुलना

प्राचीन अवशेष आणि पाणी यांची सांगड घालणारी एकदिवसीय सहल जगात इतरत्रही लोकप्रिय आहे. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात सकाळी चिचेन इत्सासारख्या माया नगरीचे अवशेष आणि दुपारी ‘सेनोते’ नावाच्या नैसर्गिक जलकुंडात पोहणे, असा मार्गदर्शित सहलींचा क्रम असतो. तेथील जमीन चुनखडकाची असल्याने पाऊस खाली झिरपतो आणि पृष्ठभागावर नद्या जवळजवळ आढळत नाहीत. भूगर्भातील पोकळीचे छत कोसळले की सेनोते तयार होतो. चिचेन इत्सा या नावाचाच अर्थ ‘इत्सा लोकांच्या विहिरीच्या मुखाशी’ असा आहे. तेथील पवित्र सेनोतेत माया लोक देवाला वस्तू आणि माणसेही अर्पण करीत. त्यात पोहण्यास आज परवानगी नाही. पर्यटक पोहतात ते इतर सेनोतेंत.

कान्हेरीच्या पोढीशी खरे साम्य सेनोतेचे नाही, तर ‘चुल्तुन’चे आहे. युकातानच्या पूक टेकड्यांत भूजल फार खोल असल्याने माया लोकांनी जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खोदली आणि अंगणातील पावसाचे पाणी त्यांत साठविले. लहान तोंड, मोठी पोकळी आणि उताराचे अंगण ही तिन्ही लक्षणे दोन्हीकडे आहेत. परस्परांशी संपर्क नसलेल्या दोन समाजांनी एकाच अडचणीवर जवळजवळ एकच उत्तर शोधले, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

मुंबईच्या पाणीपुरवठ्याशी संबंध

दक्षिण आणि मध्य मुंबईतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी या सहलीचा शेवटचा धडा त्यांच्या घरच्या नळाशी जोडलेला आहे. लेण्यांच्या वरच्या पठारावरून, हवा स्वच्छ असल्यास, तुळशी आणि विहार हे तलाव दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई शहर विहिरी आणि तळ्यांच्या पाण्यावर अवलंबून होते. वाढत्या वस्तीला ते पुरेना आणि १८५४ मध्ये तीव्र टंचाई जाणवली. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार विहार तलाव बांधण्यात आला. १८६० मध्ये त्याचे पाणी नळाने शहरात आले. १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला.

ज्या डोंगरांवरचा पाऊस भिक्षूंनी पोढ्यांत धरला, त्याच डोंगरांवरचा पाऊस पुढे महानगराने तलावांत धरला. प्रमाण बदलले, तत्त्व तेच राहिले. नळ आल्यावर शहरातील जुनी तळी मात्र एकामागून एक बुजविली गेली. हिवतापाच्या प्रतिबंधासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक विहिरीही बंद करण्यात आल्या. धोबी तलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक, दोन टाकी ही नावे उरली, पाणी राहिले नाही. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव हा त्यातून वाचलेला मोठा अपवाद होय.

मार्गदर्शन आणि संवर्धन

मार्गदर्शकाची निवड सहलीच्या हेतूनुसार करावी लागते. इतिहास आणि लेखविद्येसाठी प्राचीन भारतीय संस्कृती या विषयाचे अध्यापक, तर वनस्पती, पक्षी आणि ओढ्याची परिसंस्था समजून घेण्यासाठी निसर्गअभ्यासक उपयुक्त ठरतात. १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या परिसरात निसर्गभ्रमंती आयोजित करते. २०२२ मध्ये बुद्ध पौर्णिमेला लेण्यांजवळ पर्यटकांसाठी नव्या सुविधांचे उद्घाटन झाले.

चैत्यगृहासमोर छायाचित्र काढून परतणाऱ्यांची संख्या मोठी असते. परिणामी वरच्या रांगांतील पोढ्यांकडे लक्ष कमी जाते. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पालापाचोळा यांनी पन्हळी तुंबल्या, की पाणी पुन्हा दर्शनी भागावरून वाहू लागते आणि कोरीव काम व लेख झिजतात. पन्हळ मोकळी राहणे ही केवळ स्वच्छतेची बाब नसून स्मारकाच्या रक्षणाची अट आहे. म्हणून अभ्याससहलीत विद्यार्थ्यांना एखाद्या लेण्याचा आराखडा काढायला सांगताना त्यात पन्हळ, टाके आणि उताराची दिशा दाखविण्यास सांगणे उपयुक्त ठरते. खांब आणि मूर्ती मोजणाऱ्या विद्यार्थ्याला लेणे दिसते. पाण्याची वाट शोधणाऱ्याला तेथील वसती समजते.

हेही पहा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
घारापुरी लेणी
महाकाली लेणी
बाणगंगा तलाव
विहार तलाव
तुळशी तलाव
वर्षावास