योनीत बसणारं कडं

पाच-साडेपाच सेंटिमीटर व्यासाचं, बांगडीहून थोडं लहान, पारदर्शक, लवचीक गर्भनिरोधक कडं. चिमटीत दाबून योनीत सरकवायचं, तीन आठवडे ठेवायचं, मग काढून एक आठवडा सुटी. त्या आठवड्यात पाळी येते. ठरल्या दिवशी नवं कडं बसवायचं. रोज गोळी आठवायला नको. नेमकं कुठे बसलं याचीही फार काळजी नको, कारण त्यातली दोन संप्रेरकं योनीच्या आवरणातून रक्तात शिरतात आणि बीज सुटणं थांबवतात. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेल्या नुव्हारिंग या कड्याचं काम असं चालतं. त्या तीन आठवड्यांत ते तीन तासांहून जास्त बाहेर राहिलं तर पुढचे सात दिवस निरोध वापरावा.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या वाचकांसाठी खास सूचना : तिथल्या मे महिन्यात कड्याचं पाकीट पत्र्याखालच्या कपाटात नको. तीस अंशांवरचं तापमान त्याला सोसत नाही.

पस्तिशीपुढे धूम्रपान करणाऱ्या, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रियांना हे चालत नाही. क्षयाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर परिणाम घटतो. लैंगिक आजारांपासून संरक्षण शून्य.

सरकारी दवाखान्यात माला-एन आणि छाया या गोळ्या, अंतरा हे इंजेक्शन मोफत मिळतात. कडं त्या यादीत नाही. समाजसुधारक र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्याला शतक उलटलं. तरी औषधाच्या दुकानात संततिनियमन हा शब्द उच्चारताना आवाज खाली येतोच. तेव्हा दुकानाआधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, रक्तदाब मोजून घ्या.