फटफटीची थरथर व मंद चाल : दोष कसा ओळखावा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत आज फटफटी हें केवळ प्रवासाचें वाहन राहिलें नसून शेतीच्या कामाचें एक अवजारच झालें आहे. दुधाचे कॅन, खताचें पोतें, फवारणीचा पंप, प्रसंगीं कापसाचें गांठोडेंहि तिच्यावर लादून पांदणीनें नेण्यांत येतें. परंतु बैल उठून चार पावलें चालतांच त्याचा कोणता खूर दुखतो हें जो शेतकरी सांगतो, तोच फटफटी थरथरूं लागली कीं मिस्त्री सांगेल त्या खर्चास निमूटपणें मान डोलावतो. वास्तविक यंत्रहि आपलें दुखणें चालीवरूनच सांगतें. तें कसें ओळखावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं मृगाच्या तोंडावर माझी फटफटी मंद चालीवर टिकेनाशी झाली. रेस सोडली कीं दोनचार आचके देऊन ती बंद पडे, व चालू असेतोंवर हँडल सारखें थरथरत राही. तालुक्याच्या गांवीं एका वर्कशॉपांत दाखविली असतां रिंग-पिस्टन झिजल्याचें निदान झालें. इंजिन उघडण्यांत आलें, ऐन पेरणीच्या धांदलींत चार दिवस पायीं हिंडावें लागलें, आणि दोन एकरांच्या बियाण्याचा पैसा गेला. दोष मात्र होता तसाच राहिला. पुढें विहिरीवरचीं इंजिनें दुरुस्त करणाऱ्या आमच्या गांवच्या एका वृद्ध कारागिरानें कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीवरून बोट फिरविलें. तींत नखाएवढी भेग होती.

एका सिलिंडरचें इंजिन थोडेंबहुत थरथरणारच, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. पिस्टन वरखालीं धांवतो व प्रत्येक फेऱ्यांत दोनदां थबकून दिशा बदलतो. या धक्क्याचा तोल राखण्यासाठीं क्रँकवर वजन दिलेलें असतें. पण त्यानें वरखालचा धक्का सगळा मारावा तर तोच मागेंपुढें उमटतो, म्हणून कारखानदारास मधला मार्ग काढावा लागतो. शिवाय चार-स्ट्रोक इंजिनांत दोन फेऱ्यांमागें एकदांच स्फोट होतो. विहिरीवरचें इंजिन सिमेंटच्या ओट्यास जखडलेलें असतें आणि त्याचें फ्लायव्हीलहि जड असतें. फटफटीस ओटा कोठला? यामुळेंच तिची मंद चाल, जीस मिस्त्री आयडलिंग म्हणतात, नेमल्यापेक्षां उतरली कीं थरथर वाढते. शंभर-सव्वाशें सी.सी.च्या बहुतेक गाड्यांत ही चाल मिनिटास सुमारें १३०० ते १५०० फेऱ्यांची असते.

थरथर इंजिनाची कीं चाकांची, हा निवाडा पान्हा हातीं घेण्यापूर्वीं करावा. मोकळ्या सरळ रस्त्यावर, ताशीं ४० किलोमीटरच्या वेगांत, क्लच दाबून रेस सोडावी. थरथर लागलीच बदलली अथवा थांबली तर दोष इंजिनाचा. तशीच राहिली तर चाकांचा. हातासहि हा भेद कळतो. चाकाचा घेर सुमारें दोन मीटर असतो, म्हणजे या वेगानें तें सेकंदास साडेपांच-सहा फेरे घेतें, तर लहान गाडीचें इंजिन वरच्या गियरमध्यें साठांच्या आसपास. म्हणून चाकाचा दोष धडधड करतो आणि इंजिनाच्या दोषानें तळहातास मुंग्या येतात.

चाकाच्या थरथरीचें आपल्याकडील एक कारण कोणत्याहि पुस्तिकेंत आढळावयाचें नाहीं, तें म्हणजे आपली काळी माती. पावसाळ्यांत ती रिमच्या आंतल्या बाजूस लिंपली जाते व एकाच अंगास वाळून बसली कीं चाकाचा तोल जातो. आधीं चाकें धुवावींत. मग चाक उचलून हातानें फिरवून पाहावें. डुलत असेल तर आरे ढिले किंवा रिम वांकडी, आडवें हलवितां खटखटत असेल तर बेअरिंग गेलेलें. इंजिनाकडे दोष निघाल्यास तें ज्या बोल्टांनीं चौकटीस धरलेलें असतें ते प्रथम तपासावेत. खडबडीत रस्त्यानें ते ढिले पडतात, आणि याला खर्च कांहींच नाहीं.

आतां मंद चालीकडे वळूं. वजनी हिशेबानें एक भाग पेट्रोलास सुमारें साडेचौदा भाग हवा लागते. मंद चालीवर हें मिश्रण अगदीं बारीक छिद्रांतून जात असल्यानें येथें थोडी उणीवहि बाधते. गाडी तापल्यावरहि चोक अर्धा ओढल्याखेरीज चालत नसेल, किंवा रेस सोडल्यावर फेरे सावकाश उतरत असतील, तर हवा अधिक होत आहे असें समजावें : मंद चालीचें जेट तुंबलें असेल, नाहीं तर माझ्या गाडीप्रमाणें रबर फाटलें असेल. ओल्या चिंधीनें तो जोड सभोंवार दाबून धरावा. चाल बदलली तर चोर सांपडला. (सायलेंसरपासून हात जपावा, आणि ही परीक्षा उघड्यावरच करावी, बंद कोठींत इंजिनाचा धूर प्राण घेतो.) उलट काळा धूर येऊन प्लगवर कोरडी काजळी बसत असेल तर हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर उघडून पाहावा. वणीकडील कोळशाच्या ट्रकांच्या वाटेवर किंवा जिनिंगच्या आवारांत नित्य फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेंतील मुदतीची वाट पाहत नाहीं. दहा-पंधरा मिनिटांनीं बंद पडणारी गाडी टांकीचें झांकण उघडतांच पुन्हां चालूं लागली, तर झांकणांतील हवेचें छिद्र चिखलानें बुजलेलें असतें. थंड असतां ठीक पण तापली कीं चाल सोडणारी गाडी असेल तर टॅपेट फार घट्ट आहेत काय हें पाहावें. ढिला टॅपेट निदान आवाज करतो, घट्ट टॅपेट गुपचूप व्हॉल्व जाळतो.

यांतील कांहींहि न पाहतां स्क्रू पिळून चाल वाढविण्याची जी रीत पडली आहे ती मला मुळींच पसंत नाहीं. त्यानें दोष झांकतो आणि पेट्रोल जळतें. मिश्रणाचा स्क्रू तर कांहीं गाड्यांत आंत पिळल्यानें पेट्रोल वाढवितो व कांहींत घटवितो; हात लावणेंच झालें तर किती आटे फिरविले तें मोजून ठेवावें.

२०२३ पासून पेट्रोलांत टप्प्याटप्प्यानें २० टक्के इथेनॉल येऊं लागलें. इथेनॉल पाणी शोषतें, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलें कीं दोन्हीं मिळून तळाशीं बसतात. पावसाळ्यांत महिनाभर उभी राहिलेली गाडी धरेनाशी झाली तर कार्ब्युरेटरच्या वाटींतील पेट्रोल कांचेच्या भांड्यांत काढून पाहावें. खालीं निराळा थर दिसतो. अशा वेळीं टांकीहि रिती करावी.

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटरच नाहीं. पेट्रोल विजेच्या हिशेबानें फवारलें जातें. त्यांत स्क्रूचा प्रश्नच उरत नाहीं. बॅटरी, फिल्टर आणि हवेच्या झडपेवरील मळ एवढें पाहावें, आणि मीटरवर इंजिनाचा दिवा चालू गाडींतहि पेटून राहत असेल तर गाडी संकेत वाचण्याचें यंत्र असलेल्या दुकानींच न्यावी.