परका कोळी आणि एक शब्द

इथे बडोद्यात मी मुलांकडून इंग्रजी विज्ञानलेखांचे मराठी अनुवाद करून घेतो. एकाने लिहिले, ‘हा आक्रमक कोळी माणसांवर धावून जातो.’ मूळ लेखात तसे काहीच नव्हते. ‘आक्रमक’ हा शब्द मात्र मीच फळ्यावर लिहून दिला होता.

लेख होता ‘नोबल फॉल्स विडो’ या कोळ्याविषयी. त्याचे मूळ घर मदेरा व कॅनरी बेटे. इंग्लंडमध्ये त्याची पहिली नोंद १८७९ साली टॉर्की येथे झाली. अंग जेमतेम दीड सेंटीमीटर, तरी कणा असलेले लहान प्राणीही तो खातो. आयर्लंडमध्ये सरड्याचे पिल्लू आणि इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात वटवाघळाचे पिल्लू त्याच्या जाळ्यात सापडले. २०२३ साली प्रसिद्ध झालेली नोंद चिचेस्टरची आहे. तिथे त्याने चिचुंद्रीच्या जातीतला एक इवलासा प्राणी धरला.

हे त्याला जमते कसे? त्याचे विष मज्जासंस्थेवर चालते आणि भक्ष्य लुळे पडते. मग तो त्याला तंतूंनी गुंडाळतो आणि ताणलेले तंतू एकामागून एक जोडत वर ओढून घेतो. चिचेस्टरच्या कोळ्याने भक्ष्य सुमारे २५ सेंटीमीटर वर नेले, तीन दिवस खाल्ले, आणि उरलेली कातडी, केस व हाडे खाली टाकली. मासे धरणाऱ्यालाही आपण कोळीच म्हणतो. जाळे ओढून घेण्याचे कसब दोघांचे सारखेच!

हा कोळी माणसाला चावतो, पण बहुधा कपड्यात किंवा अंथरुणात दाबला गेला तरच. खरी चिंता आहे ती तिथल्या मूळच्या लहान जिवांची. त्यांतल्या वटवाघळांना तर कायद्याचेही संरक्षण आहे.

म्हणजे इथे ‘आक्रमक’ हा स्वभाव नव्हे. माणसाच्या मालाबरोबर परक्या मुलखात पोहोचणे, तिथे रुजणे, फैलावणे आणि स्थानिकांना जड जाणे, एवढाच त्याचा अर्थ. आपले गाजर गवत कोणावर धावून जात नाही, तरी शेत व्यापतेच.

ज्या मुलांची मराठी घरापुरती उरली आहे, ती शब्दाचा रोजचा अर्थच धरणार. म्हणून मी आता ‘फैलावणारी परकी प्रजाती’ असे लिहितो. ‘आक्रमक’ रूढ आहे, हे मान्य. पण तो वापरणाऱ्याने खुलाशाची एक ओळ जरूर जोडावी.